न टेकता निघालेला लेखक

पापा,

फोन घरीच टाकून मासे धरायला गेलात, म्हणून हे टाइप करून दाराला लावतोय. आई कलूगाला ताइसिया मावशीकडे निघालीय. परत कधी येणार, सांगत नाही. बोर्श, बीटचं सूप, शेगडीवर आहे.

कालच्या त्या लेखकाच्या पिक्चरवरून एवढं भांडायचं? तुम्ही म्हणालात, "एवढा मोठा लेखक, बायकोनं डोकं खाल्लं म्हणून घर सोडलं त्यानं." आई म्हणाली, "जन्मभर त्याच्या कादंबऱ्या उतरवून दिल्या, तेव्हा बरी चालली बायको!"

मला दोघांचंही पटलं. लेखक मोठाच. पण त्याची बायको झालेल्या नटीनं काय काम केलंय, पापा! प्रवासाला निघताना आपल्यात घरच्यांसोबत घडीभर टेकायचं असतं, तर हा तसाच गेला. मग ती एकटीच बाकावर बसली, शेजारी त्याची जागा ठेवून. तुम्हीही डोळे पुसलेत, मी पाहिलं.

आता आई कोट घालून दारात उभी आहे. मी म्हटलं, "टेक ना जरा." तर म्हणाली, "तुझ्या बापाशिवाय कसली टेकतेय!"

गाडी सहाला आहे. फलाटावर बाक आहे. तुमची जागा धरून ठेवतो. या.

ग्लेब