काल काय उरलं?

प्रिय बाबा,

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवरच्या माझ्या बोलण्यावर तुझा आता काडीचा विश्वास नाही. बरोबरच आहे. सहा महिने मी तुला रोज मेसचा नवा बेत ऐकवला. सोमवारी बटाटा, मंगळवारी कोबी, बुधवारी अंडी. तूही इस्पितळाच्या स्वयंपाकघरात झारा हातात धरूनच ऐकायचास. मग एकदा विचारलंस, काल काय उरलं होतं? मी ऐटीत सांगितलं, आमच्याकडे कधी काही उरतच नाही. तू तिथेच ओळखलंस, कारण मोठ्या स्वयंपाकघरात रोज काहीतरी उरतंच आणि दुसऱ्या दिवशीच्या बेतात शिरतं. थाप मारावी, पण पाचशे माणसांचं रांधणाऱ्या आचाऱ्याला मारू नये!

शिष्यवृत्ती अडकली तेव्हाच मी मेस बंद केली होती. तुला सांगितलं असतं तर तू दुसरी शिफ्ट घेतली असतीस, आणि तुझे गुडघे मला ठाऊक आहेत. चहा-बिस्किटांवर दिवस ढकलले. वाटलं, भुकेची सवय होईल. सवय झाली ती रडण्याची. वाचनालयात एकच ओळ दहादा वाचायची, तरी डोक्यात शिरायची नाही. संख्याशास्त्रात नापास झाले तेव्हा वाटलं, मी मुळातच मठ्ठ, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. त्याहून वाईटही मनात यायचं. आता येत नाही, म्हणून सांगतेय.

तू वॉर्डनबाईंना फोन केलास म्हणून मी आठवडाभर तुझ्यावर धुमसत होते. त्यांनी मला समुपदेशक बाईंकडे नेलं. मी तिथे माझ्या मठ्ठपणाचं पुराण लावलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? मी ओक्साबोक्शी रडले. त्यांनीच मेसचा मोफत पास मिळवून दिला. दर गुरुवारी अजून त्यांच्याकडे जाते. महिन्याभरात पुस्तकातल्या ओळी पुन्हा कळायला लागल्या.

काल फेरपरीक्षेचा निकाल लागला. संख्याशास्त्र सुटलं, बाबा! पण पत्र त्यासाठी नाही. आई म्हणाली, तू एक तारखेला राजीनामा देऊन मला रांधून घालायला इथे येणार आहेस. वीस वर्षांची नोकरी माझ्यापायी सोडू नकोस. माझ्या शब्दावर नको, बटाट्यावर विश्वास ठेव. परवा उकडलेले बटाटे उरले, काल त्यांचे कटलेट झाले, आणि उरलेले कटलेट आज रश्श्यात पोहत होते. तीन दिवस मी तोच बटाटा खातेय, आणि आज दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तुझीच,
ढब्बू