दुसऱ्या सिनेमातलं शेवटचं वाक्य

चिखली, शुक्रवार, १२ डिसेंबर १९६९

तंबूतल्या टॉकीजमध्ये ह्यांच्या आणि वामनभाऊजींच्या मध्ये बसून मी इंग्रजी संवाद हळूच मराठीत सांगायचे. कॉन्व्हेंटचा तेवढाच उपयोग.

आज तिथे पाहिलेल्या त्या इंग्रजी गुप्तहेराचा कोणता सिनेमा सरस, यावरून दोघे भाऊ पेटले.

"दुसराच. शेवटी तो त्या हिरोइनले म्हणते, परत येतो," हे म्हणाले.

"काऊन फेकून राह्यला, दादा? माहे इंग्रजी शिकेल जावई सांगत होते, तो तसं म्हणतच नाही."

"मंग तुही वहिनी खोटी हाय का?"

भाऊजी चहा तसाच टाकून निघून गेले. मी कपबशा उचलल्या. खरं तर सिनेमात तो तिला 'मला विसर' म्हणाला होता. तेव्हा तंबूत ह्यांचे भरलेले डोळे पाहून मला ते सांगवलं नाही; 'परत येतो' हे मीच जोडून दिलं.

उद्या ते खरं वाक्य चिठ्ठीत लिहून भाऊजींच्याच हाती गुपचूप द्यायचं. ह्यांना मी जपून ठेवलेलं त्या सिनेमाचं हस्तपत्रक. आणि 'परत येतो' ह्यांच्याकडेच राहू द्यायचं.