सहाव्या गाण्यातला बारीक आवाज

प्रिय भोंग्या,

तुमचा नवा अल्बम येऊन सोळा दिवस झाले आणि मी तो अकरा वेळा ऐकला. हसू नकोस. तुमचा पहिला अल्बम अर्ध्यावर बंद करून डोकं धरून बसलेली ताई ती मीच, हे मला चांगलं आठवतंय. पण या वेळी एक गोष्ट माझ्या डोक्यात किड्यासारखी वळवळतेय आणि तुम्ही पुढच्या महिन्यात दौऱ्यावर निघायच्या आत मला तिचा छडा लावायचाच आहे. तुला माहीतच आहे, एकदा माझ्या मनात काही आलं की मी स्वस्थ बसत नाही आणि दुसऱ्याला बसू देत नाही.

म्हणून गेल्या रविवारी मी तिन्ही अल्बम ओळीने लावले, हातात वही घेऊन. लेकीने विचारलं, मामाची परीक्षा आहे का. पहिला अल्बम ऐकताना मला गाण्यांपेक्षा माझी खोलीच जास्त आठवली. मी कॉलेजच्या परीक्षेत आकंठ बुडालेली आणि तुम्ही चौघं माझी गादी भिंतीला उभी करून, कपाटाच्या दोन दारांमध्ये माईक बांधून बसलेले. तिसऱ्या गाण्यात कपाटाचं दार कुरकुरतं, ते अजून तसंच आहे. तू त्यासाठी आठवडाभर हळहळत होतास. दुसरा अल्बम गॅरेजच्या वरच्या हॉलमधला. तिथे एक ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून तू सगळ्यांना संपूर्ण दुपारचं काम पुन्हा करायला लावलंस. रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या लंबूला ती गुणगुण ऐकूच येत नव्हती, म्हणून तुमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी तू स्टुलावर चढून ट्यूब काढलीस आणि अंधारात गाणी वाजवलीत. तू आहेसच तसा. लहानपणी दोन खोल्या पलीकडे टीव्ही नुसता चालू राहिला, आवाज बंद असला तरी तुला तो बारीक ‘ईं’ ऐकू यायचा आणि तू उठून बटण बंद करून यायचास. बाबा म्हणायचे, याचे कान घराबाहेर भाड्याने द्यायला हवेत.

आता नवा अल्बम. आधी कौतुक, कारण ते खरं आहे. गाणी आधीच्या दोन्हींपेक्षा कितीतरी चांगली आहेत. पूर्वी तुम्ही सगळे एकाच वेळी दारातून बाहेर पडायला बघायचात. आता एकमेकांना वाट देता. तुझं लिहिणंही मोकळं झालंय. चौथं गाणं ऐकताना मी भांडी घासायची थांबले, यापेक्षा मोठी दाद माझ्याकडे नाही. पण आवाज असा का? प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ टाचणीसारखा टोचतो. ड्रमवालीचे सिंबल तर असे कर्कश की लेक हेडफोन काढून ठेवते, आणि ती तुझी अंधभक्त आहे. एका समीक्षकाने या आवाजाला धारदार नवी वाट म्हटलंय. मी ते दोनदा वाचलं आणि मनाला पटवायचा प्रयत्न केला, की असेल बाई, आपल्याला काय कळतंय.

पण चैन पडेना. आधी वाटलं, माझा स्पीकर गेला. मग माझ्या दवाखान्यातल्या चांगल्या हेडफोनवर ऐकलं, तिथेही तेच. मग वाटलं, माझेच कान म्हातारे झाले असतील. म्हणून जेवणाच्या सुट्टीत, लोकांना जिथे बसवून त्यांचे कान तपासते त्या काचेच्या केबिनमध्ये स्वतःच जाऊन बसले आणि सहकाऱ्याकडून तपासून घेतलं. वयाच्या मानाने ठणठणीत आहेत, कळव तुझ्या मित्रांना. मग आठवलं, पहिले दोन अल्बम लंबूने मिक्स केले होते, कुठला आवाज किती ठेवायचा ते त्यानेच ठरवलं होतं. तो नोकरीसाठी दूर गेला आणि या वेळी सगळं तू एकट्याने केलंस. म्हणजे हा आवडीनिवडीचा फरक असणार. त्या विचाराने मी दोन दिवस निवांत होते.

मग सहावं गाणं नीट ऐकलं. नुसता तुझा गळा आणि गिटार, तेवढंच. त्याच्या मागे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बारीक शिट्टी चालू आहे. कुठल्यातरी दिव्याची नाहीतर चार्जरची असावी. मला वाटलं भास, म्हणून लेकीला काही न सांगता ऐकवलं. तिने दहाव्या सेकंदाला विचारलं, हे काय वाजतंय? समीक्षकाने तर त्या शिट्टीला एकटेपणाचा धागा म्हटलंय. मला राहवेना. मी तुमच्या ड्रमवालीला फोन केला. रागावू नकोस तिच्यावर, मीच खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, बँडमधल्या बाकी तिघांनाही ती शिट्टी पहिल्या दिवशीच ऐकू आली होती. पण ट्यूबलाइटसाठी हॉलभर अंधार करणारा माणूस ती ठेवतोय, म्हणजे मुद्दामच ठेवतोय, असं समजून कुणी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मला बाबा आठवले.

तुला आठवतं, बाबा जेवताना आपल्या विनोदावर नेहमी जरा उशिराने हसायचे? आधी आपले चेहरे बघायचे, मग हसायचे. छापखान्यातल्या मशीनशेजारी सव्वीस वर्षं काढलेला माणूस. मी शिकत होते तेव्हा मोठ्या हौसेने त्यांना कॉलेजच्या केबिनमध्ये बसवलं होतं. आवाज आला की बटण दाबायचं, इतकंच काम. त्यांनी एकही चुकवला नाही आणि मी आनंदाने कागदावर ‘उत्तम’ लिहिलं. ते काचेतून माझ्या हाताकडे बघत होते. मी आवाज सोडायला बोट हलवलं की ते दाबत होते. हे मला चार वर्षांनी कळलं, तोवर त्यांची आणखी चार वर्षं त्याच मशीनशेजारी उभ्याने गेली होती. ही गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. तो कागद अजून माझ्या खणात आहे.

गेले काही महिने फोनवर तू ‘हं, हं’ फार करतोस, भोंग्या. आणि मी चेष्टा केली की जरा उशिराने हसतोस. मी ते लाइनवर ढकलत होते. पण ज्याला बारीक आवाज कमी ऐकू यायला लागतात, तो नकळत तेच वाढवत जातो. माझा अंदाज चुकीचा निघावा असं मला मनापासून वाटतंय. निघाला तर आयुष्यभर मला चिडव. पण बरोबर निघाला, तर गेलं ते मला परत आणता येणार नाही, उरलेलं मात्र सांभाळता येईल. त्यासाठी दौऱ्यातल्या बत्तीस कार्यक्रमांच्या आधी मला कळायला हवं, नंतर नाही. फोन केला असता तर तू निम्मंच ऐकून ‘हं, हं’ म्हणाला असतास, म्हणून हे पत्र. मंगळवारी अकरा वाजता तुझ्या नावाने वेळ राखून ठेवली आहे. ये. केबिनमध्ये तू बसशील आणि मी तुझ्याकडे पाठ करून बसेन. ऐकू आलं तर बटण दाब, आणि नाही आलं तर माझ्यासाठी म्हणून दाबू नकोस.

मंगळवारी दारात उभी असणारी,
तुझीच ताई