माझ्या रक्तावरची साय

साठी उलटली तरी माझ्या लेखी अजून शेंबडाच असलेल्या धाकट्या भावास,

ताईचे भरपूर आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा (तो वहिनीने माझ्या वतीने द्यावा). तब्येत कशी आहे? पोटातला तो गॅस अजून पाठीपर्यंत कळ मारतो का? वहिनी कळवते की रविवारी तू दाबून जेवलास आणि सोमवारी पोटाशी उशी धरून बसलास. डॉक्टरकडे तू जाणार नाहीसच, सुई दिसली की तुझे डोळे पांढरे होतात. असो. आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे मी आहे. आमच्या ह्यांना गुडघे आहेत.

तर झालं असं. तुझी लेक प्रयोगशाळेत रक्तातल्या चरबीचा अभ्यास करते (तू चारचौघांत 'तेलाबिलाचं काहीतरी करते' म्हणतोस, ते तिच्या कानावर गेलंय). तिला तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती. मी काडीसारखी, तीन जिने एका दमात चढणारी. मी आपणहून हात पुढे केला. अट एवढीच, बारा तास पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. रक्त दिलं, नळी यंत्रात गरागरा फिरली, आणि वर जे पिवळसर नितळ पाणी यायला हवं ते निघालं दुधासारखं पांढरं. पोरीने कमरेवर हात ठेवले. "आत्या, खरं सांग, काय खाल्लंस?" अरे, जिला मी बोट धरून चालायला शिकवलं ती माझी उलटतपासणी घेते! मी तिथल्या तिथे आकाशपाताळ एक केलं. तिच्या साहेबांच्या तोंडावर सांगितलं की पाण्याच्या घोटाशिवाय पोटात काही नाही.

दुसऱ्या खेपेला ती आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आली आणि स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. (ह्यांचा सकाळचा चहा बुडाला. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत, घर कसं शांत शांत वाटतं.) पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा पांढरं! नळी फ्रिजमध्ये उभी करून ठेवली तर दुसऱ्या दिवशी वर चक्क साय. अख्खी प्रयोगशाळा बघायला गोळा झाली. घरच्या दुधावर मला अशी साय कधी आणता आली नाही.

मग पोरीने समजावलं. खाल्लेली चरबी बारीक थेंबांनी रक्तातून फिरते, आणि ती उतरवून घ्यायला रक्तवाहिनीच्या भिंतीशी एक हमाल उभा असतो. माझा हमाल जन्मापासूनचा आळशी. माल तसाच पडून राहतो. जाडीशी संबंध नाही. उपाय म्हणजे तेल, लोणी मोजून चमचाभर, आणि लागलं तर गोळ्या. म्हणजे मी खोटारडी नव्हतेच, मला आजार होता! मला इतका आनंद झाला की मी तिला उचलायलाच गेले (तिचं वजन वाढलंय, बोलू नकोस). आता धडधाकटांच्या यादीतून माझं नाव कटलं आणि रुग्णांच्या यादीत पहिलं लागलं. पहिला नंबर मला शाळेतसुद्धा मिळाला नव्हता.

तुझी सत्यवचनी,
ताई

ता. क. पहिल्या खेपेला मी सकाळी केक खाल्ला होता. तुकडा बऱ्यापैकी मोठा होता. पोरीला सांगितलंस तर याद राख.

आणखी एक ता. क. दुसऱ्या खेपेला मात्र देवाशपथ काही खाल्लं नव्हतं, म्हणूनच मी घाबरले. पोरीने विचारलं, "आत्या, पोटात कधी कळ उठते का, पाठीपर्यंत जाणारी?" मला नाही उठत रे. कुणाला उठते ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. हा आळशी हमाल भावंडांतही असू शकतो. चरबी फार साचली की स्वादुपिंडाला सूज येते. तुझा गॅस म्हणजे कदाचित तेच असेल. वेळेवर कळलं तर आटोक्यात राहतं. येत्या सोमवारी सकाळी आठला तुझं नाव लिहून आले आहे. रविवारी रात्री आठनंतर फक्त पाणी (केक नाही). मागे एकदा तिने रक्त तपासायचं नाव काढताच तू ताडकन उठून गेलास, तेव्हापासून पोर तुला विचारायला धजत नाही. सुई तिच्याच हातात असेल. लहानपणी तिला लस टोचायला न्यायचास तेव्हा ती टकामका बघायची आणि तोंड फिरवून उभा असायचास तू. ती म्हणते, "बाबांना सांग, तोंड हवं तिकडे फिरवा, हात तेवढा माझ्याकडे द्या."