कांदा चाळीतली दुपार

घोडेगाव
दि. ९ एप्रिल २०२५

दादा,

नमस्कार. वर ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण पेन पुढं सरकेना. म्हणून नुसतं दादाच.

तुझा फोन बंद आहे. वहिनींना विचारलं तर ‘मला काही माहीत नाही’ म्हणतात. तरी हे पत्र मी त्यांच्याच हातात देणार आहे. त्या त्यांच्या वडिलांकडं, धर्माजीमामांकडं देतील आणि ते तुझ्यापर्यंत पोचवतील, एवढं मला कळतं. तू कुठं आहेस ते मी विचारलेलं नाही. उद्या मला कोणी विचारलं तर खोटं बोलायची वेळ येऊ नये.

घरचं सांगते. आईचा बीपी आता बरा आहे. गोळ्या घेते, अर्धी भाकरी खाते. माझ्याशी कालपासून बोलत नाही. कांदा काढायला आलाय. भावकीतले म्हणतात आम्ही काढून देतो, पण ठेवायचा कुठं ते कोणी सांगत नाही, कारण चाळीला पोलिसांनी पट्टी लावलीय. केंद्राच्या दाराला सील आहे. ‘राघूनाना शुश्रूषा केंद्र’ ही पाटी तेवढी तशीच राहिलीय. येणारे-जाणारे गाडी हळू करून वाचतात.

माणसांचंही तुला कळायला हवं. ज्यांना घरचे होते, त्यांना घरचे घेऊन गेले. पुण्याहून गाड्या आल्या. एकजण तर स्वतःच्या आईला न बघताच आधी सही कुठं करायची ते विचारत होता. ज्यांच्यासाठी कोणी आलं नाही, त्यांना सरकारी दवाखान्यात एका खोलीत ठेवलंय. मी रोज तिथं जाते. मला कोणी बोलावलेलं नाही, पण कोणी हाकलतही नाही. सिस्टर आहे म्हटल्यावर हातात पट्टीचं सामान देतात.

ठमाबाईंना शेवटचं त्यांच्या गावी, आहुप्याला नेलं. मी गेले होते. तू म्हणशील, कशाला गेलीस. मलाही रस्ताभर तेच वाटत होतं. देवराईच्या अलीकडं गाडी थांबली, तिथून उचलून नेलं. त्यांचा मुलगा हनुमंत चाकणहून कंपनीच्या कपड्यांवरच आला होता. सगळं उरकल्यावर तो सरळ माझ्याकडं चालत आला. मला वाटलं, हात उचलतोय.

तो म्हणाला, “ताई, येकच सांगा. तिला पानी मिळालं व्हतं का?”

मी म्हणाले, “नाही.”

“बरं,” म्हणाला. मग म्हणाला, “तुमच्याकडं ठिवली तवा मी बायकूला म्हनलं व्हतं, आपल्यापेक्षा ती मानसं चांगली बघत्याल.”

एवढं बोलून तो माणसांत परत गेला. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू गेल्यावर, तुझ्याबरोबर फिरायची ती पोरं चिमाबाईच्या दारात जाऊन शिव्या देऊन आली. “हिनंच तपासणीच्या मॅडमला चाळ दाखवली, हिनंच बाळासाहेबांना बुडवलं,” म्हणून. वहिनीही तेच बोलतात, गावही तेच बोलतं. परवा तिच्या दारावर दगड पडला. ती घर बंद करून शिनोलीला बहिणीकडं गेलीय. एवढी वर्षं जिनं आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची घाण हसत काढली, तिला आता बाजारात तोंड लपवून फिरावं लागतंय.

चिमाबाईनं काही सांगितलं नाही. मॅडमना कळलं. कसं कळलं ते लिहिते, पण त्या दिवशीच्या सकाळपासूनच लिहावं लागेल.

तपासणी येणार हे तुला आदल्या दिवशीच कळलं होतं. कोणाकडून, ते तुझं तुला माहीत. जिल्ह्याच्या त्या मॅडम दिवाळीनंतर एकदा येऊन गेल्याच होत्या. त्यांनी दिलेली नोटीस तू मला वाचून दाखवली होतीस आणि मग टेबलावर टाकली होतीस. काय होतं रे तिच्यात? परवानगी वीस खाटांची आहे, तेवढीच माणसं ठेवा. रात्री दोघीजणी ड्युटीवर हव्यात. कोणाचे हात खाटेला बांधू नका. जो स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दोन-दोन तासांनी बदला. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय झोपेचं औषध देऊ नका. तू म्हणालास, “हे कागदवाले. यांना खाटा मोजता येतात, म्हातारं सांभाळून दाखवा म्हणावं.”

दादा, ते कागद नव्हते. आपले नाना अर्धांगवायूनं पडले तेव्हा तू हेच सगळं करत होतास. कोणी नोटीस दिली नव्हती. मेंढरं विकून टाकलीस, त्यांच्या उशाशी झोपलास, त्यांना कुशीवर वळवायला माझी झोप मोडायला नको म्हणून एकट्यानं वळवायचास. नाना गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, आमच्या म्हातारीलाही ठेवून घे. तिथनं केंद्र सुरू झालं. मला नर्सिंगला तूच घातलंस. सुरुवातीला आठ माणसं होती आणि त्या आठांची नावं सोड, कोणाला भात कसा लागतो तेही तुला पाठ होतं. मग फोन यायला लागले. तुला नाही म्हणता येईना. नंतर नाही म्हणायची इच्छाच राहिली नाही.

नोटिशीनंतर मी आणि चिमाबाईनं कूस बदलायला सुरुवात केली होती, आठवतं? भिमाजीबाबांच्या खुब्याची जखम थंडी संपेपर्यंत भरत आली. मी तुला हाक मारून दाखवलं, “दादा, बघ, कातडी धरली.” तू इतका खूश झालास की सगळ्यांना पेढे वाटलेस. आणि त्याच आठवड्यात नवीन तीन माणसं भरती केलीस. दोघींच्या हातांनी किती कुशी बदलायच्या? बाबांची जखम पुन्हा उघडली. ठमाबाईंची तर कधी बुजलीच नाही. चालत होत्या तेव्हा त्या रात्री-अपरात्री उठून जायच्या म्हणून त्यांचे हात ओढणीनं खाटेला बांधायला तूच सांगितलंस. बांधलं मीच.

त्या दिवशी सकाळी पिकअप लावलीस. वीसच्या वरची माणसं लपवायची म्हणून बसती-उठती माणसं मागं ठेवलीस आणि ज्यांच्या पाठीला जखमा होत्या नेमकी तीच बाहेर काढलीस. चादरीची झोळी करून एकेकाला गाडीत ठेवलं. ठमाबाई म्हणाल्या, “कुटं नेतूयास रं बाळासाहेब?”

तू म्हणालास, “देवदर्शनाला, आज्जी.”

त्यांनी पडल्या पडल्याच हात जोडले. तू बघितलंस का ते मला माहीत नाही. मी बघितलं.

ओढ्यापलीकडं आपली कांदा चाळ मोकळीच होती. चिमाबाई त्यांच्याबरोबर गेली. दुपारच्या आत परत आणू, असं तू म्हणालास. रस्त्यावरून कोणाला दिसू नये म्हणून चाळीच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री बांधायला लावलीस. वर पत्रा, बाजूला ताडपत्री. मी नर्स आहे. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं.

मॅडम आल्या. मागच्या वेळेसारख्या त्या खुर्चीत बसून चहा घेतील आणि जातील, असं तुला वाटलं होतं. त्यांनी चहाही घेतला नाही. एकेका खाटेपाशी थांबल्या, पांघरूण काढलं, माझ्या मदतीनं माणूस कुशीवर वळवला, पाठ बघितली. “आजी, सकाळी पाणी कोणी दिलं? संडासला कोण नेतं?” उत्तर येईपर्यंत थांबायच्या. दुपार झाली तरी अर्ध्या खाटा राहिल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, कामावरच्या सगळ्या बायकांना बोलवा, मला सगळ्या समोर हव्यात. तू बाहेर जाऊन फोन केलास. थोड्या वेळानं व्हरांड्यात बघते तर चिमाबाई उभी. घामानं थबथबलेली, निळा कोट घालून.

मी तुला स्वयंपाकघरात गाठलं. “दादा, ती इथं आली. तिकडं कोण आहे?”

“तासाभराचा प्रश्न आहे.”

“ऊन बघ केवढं आहे. त्यांना उठून पाणीसुद्धा घेता येत नाही.”

“प्रतिभा, आत्ता तोंड उघडलंस तर नानांच्या नावाला काळं लागेल. गप बस.”

मी बसले. नानांचं नाव घेतलंस म्हणून बसले. मॅडमबरोबर पुन्हा खाटा फिरले, औषधांची कपाटं उघडून दाखवली. तोंडानं ‘हो मॅडम’ म्हणत होते आणि डोळ्यांपुढं तो पत्रा होता.

शेवटी मॅडमनी पट्टीच्या खोलीत आम्हाला एकेकीला आत घेतलं. मला विचारलं, “सिस्टर, तुम्हाला वेगळं काही सांगायचंय?” प्रत्येकीला हेच विचारत असणार. बाहेर तू त्यांच्या जेवणाची ताटं मांडायला सांगत होतास, तुझा आवाज ऐकू येत होता.

मी म्हणाले, “मॅडम, अजून माणसं आहेत. ओढ्यापलीकडं चाळीत आहेत. त्यांच्याजवळ कोणी नाही.”

मी सांगितलं, दादा. चिमाबाईनं नाही. मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही इथल्यांना सोडू नका, आणि जाता जाता त्यांनी “चाळ कोणाला माहीत आहे?” म्हणून विचारलं. चिमाबाईच्या तोंडावरूनच त्यांना कळलं आणि त्यांनी तिला जीपमध्ये बसवलं. तू तेवढंच बघितलंस.

माझ्यानं काही तिथं थांबवलं नाही. वावरातून पळत गेले. मी पोचले तेव्हा त्यांनी ताडपत्री सोडली होती. आतून जी वाफ आली, ती अजून अंगावर आहे माझ्या. पाण्याचा जार दारातच होता, भरलेला. कोणाचा हात तिथपर्यंत पोचण्यासारखा नव्हता. भिमाजीबाबा कोपरावर रेटा देत ठमाबाईंपाशी सरकले होते. खुब्याची पट्टी मागं मातीत पडली होती. आपलं मुंडासं सोडून ते त्यांना वारा घालत होते. मी जवळ गेले तर मला म्हणाले, “हळू. निजलीया ती. लई तळमळत व्हती, आत्ताच गप झाली.”

मी नाडी बघितली. बाबांच्या हातातलं मुंडासं काढून घेतलं.

मान वर केली तर तू बांधावर उभा होतास. आपली नजरानजर झाली. मला वाटलं, आता हा धावत येईल आणि नानांना उचलायचा तसं यांना उचलेल. बाकीची माणसं जिवंत होती, दादा. दोघं-तिघं बेशुद्ध होती, त्यांना उचलायला माणसं कमी पडत होती. तू वळलास आणि गाडीकडं गेलास. तू माणसं लपवलीस ते मी समजून घेऊ शकते, भ्याला होतास. पण तेव्हा वळलास ते मला अजून समजत नाही. हे पत्र वाचून तुला समजलं तर मला सांग.

काल आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भाऊ होता गं तो.” मी म्हणाले, “ठमाबाईपण कोणाची आई होती.” तेव्हापासून अबोला आहे. चालेल. चिमाबाईकडं शिनोलीला सकाळीच जाऊन आले. तिच्या बहिणीच्या अंगणात, चार माणसांत, मोठ्यानं सांगितलं की चाळीचं मी सांगितलं. आता तुझ्या पोरांना दगड मारायचे असतील तर आपल्याच घरावर मारायला सांग.

मॅडम दवाखान्यात येऊन गेल्या. त्यांना वाईट वाटत होतं. म्हणाल्या, मागच्याच वेळी बंद करायला हवं होतं, पण बंद केलं असतं तर ही माणसं कुठं गेली असती. ती माणसं आता कुठं आहेत ते त्यांना दिसतच होतं. एका खोलीत, पंखा एक.

भिमाजीबाबा दाढी करू देत नाहीत. वॉर्डबॉय येतो, ब्रश भिजवतो, बाबा तोंड फिरवतात. “माजी दाढी बाळासाहेब करतो,” म्हणतात. “रविवारी येनार हाय त्यो.” त्यांना कोणी काही सांगितलेलं नाही. ठमाबाई गावी गेली असंच त्यांना वाटतं. रोज मला विचारतात, “बाळासाहेब कवा येनार?” आणि मी रोज काहीतरी थाप मारते. आता सुचत नाही.

तू ये. मी तुला सोडवू शकणार नाही आणि सोडवायला जाणारही नाही. पण तू स्वतःच्या पायांनी ये. वकील बघितला आहे, तो म्हणतो आपणहून हजर झालेलं बरं. ते त्याचं गणित. माझं म्हणणं एवढंच की तिथं लपून बसून तू आणखी कोणीतरी होशील आणि मग नानांची कूस बदलणारा माणूस मला आठवायचाही राहणार नाही.

परवा पोलीस ठाण्यात माझा जबाब आहे. ओढणीचं सांगणार आहे, देवदर्शनाचं सांगणार आहे, स्वयंपाकघरात काय बोललो तेही आणि मी त्यानंतर किती वेळ गप्प होते तेही. काहीच मागं ठेवणार नाही. वकील म्हणत होता, जबाबाच्या सुरुवातीलाच विचारतात, आरोपीशी तुमचं नातं काय. मी काय सांगणार ते तुला आधी कळावं म्हणून इथं लिहिते.

सख्खी बहीण,
प्रतिभा