आवाज गेला तेव्हा

ती. आईला धाकटीचा वाकून नमस्कार.

"पडलेला माणूस आधी कुणी पाहिलं का ते बघतो, लागलंय कुठे ते मग," असं तू एकदा म्हणाली होतीस. इथे वसतिगृहात रविवारी जुने मुके विनोदी सिनेमे दाखवतात. त्यातला टोपीवाला धपकन आपटतो आणि अगदी तस्संच करतो. हसून हसून माझं पोट दुखलं.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

पण परवा व्हिडिओ कॉलवर आवाज गेला, तेव्हा मी नुसती बघत होते. तू टेबल धरून उठलीस, बाबांचं लक्ष नाही असं पाहून कंबर चोळलीस. आवाज आल्यावर म्हणालीस, "मला काय धाड भरलीय?"

आई, पडलीस ना? कधी?

"गप बस" म्हणशील, तरी सांगते. आजच बाबांना खरं सांग आणि डॉक्टरकडे जा.

तुझीच,
धाकटी