मेट्रोनोम चालूच होता

रिसाली, भिलाई
शनिवार, १४ डिसेंबर २०२४

चि. सोनल हिला बाबांचे आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, इथे सगळं ठीक आहे. आईची शुगर काबूत आहे. थंडी यंदा चांगली पडली. आई दिवाळीनंतर जबलपूरहून तुझ्याकडून परतली, तेव्हापासून तुझ्या स्वयंपाकघराचं आणि तुझ्या हातच्या मिरचीच्या लोणच्याचं कौतुक करून राहिली आहे. तिने आणलेली बरणी मीच अर्धी संपवली.

अक्षर वाकडं येत आहे, कारण उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं आहे. तुझा बाप गिटार शिकतो. आईने सांगितलं नसेल. मीच तिला सांगू नको म्हटलं होतं. आता हसून घे.

रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने मी टीव्हीसमोर काढले. आवाज एवढा, की शेजारच्या ममताबाई आपल्या घरी बसून आमच्या बातम्या ऐकायच्या. एक दिवस तुझी आई वैतागली. "तुमाले काय शिकाचं असन ते शिका, पण तो टीव्ही बंद करा." मी म्हटलं, गिटार शिकतो. मी गमतीत म्हटलं असं तिला वाटलं, पण तसं नव्हतं. तरुणपणी सेक्टरच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा, तेव्हा सगळे गाणाऱ्या बाईकडे पाहायचे आणि मी कोपऱ्यातल्या गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. क्रेन ऑपरेटरला असले शौक शोभत नाहीत असं मला वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी ती मला सुपेल्याला घेऊन गेली. तिथे नरेश नावाच्या माणसाचं वाद्यांचं दुकान आहे. मी सगळ्यात मोठी, काळी, चकचकीत गिटार उचलली. तो म्हणाला, "अंकल, छोटी बॉडी वाली देख लो, ये आपको भारी पड़ेगी." मी म्हटलं, चाळीस टनाची क्रेन चालवली आहे, गिटार काय भारी पडते!

भारीच पडली. गिटारचं पोट एवढं मोठं, की उजवा खांदा अवघडून जायचा. तारा पट्टीपासून इतक्या वर, की दाबता दाबता बोटं सोलली. महिनाभराने मी ती माळ्यावर टाकणार होतो. पण आईने स्मृति नगरातली एक शिकवणारी शोधून काढली. गीतांजली तिचं नाव. वय पस्तिशीचं. वडील दुर्गला रेल्वेत गार्ड होते, मूळचे गोंदियाचे. तिने गिटार हातात घेतली, तारांखाली डोळा लावून पाहिलं आणि म्हणाली, "काका, गिटार वाईट नाही. तुमच्या मापाची नाही. चप्पल मापाची पाहता ना?" तिने नरेशकडून तारा खाली बसवून घेतल्या, पातळ तारांचा सेट लावला. चार महिन्यांनी मी लहान अंगाची गिटार घेतली, तेव्हा कुठे हात मोकळा झाला.

ती रोज वीसच मिनिटं वाजवायला सांगते, पण घड्याळ लावून. एका मिनिटात जी कॉर्डवरून, म्हणजे बोटांच्या एका मांडणीवरून, सी कॉर्डवर किती वेळा जाता येतं ते मोजायचं. पहिल्या दिवशी सात वेळा जमलं, आता चाळीस वेळा जमतं. एफ नावाचा एक कॉर्ड आहे, त्यात पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. त्याने माझे दोन महिने खाल्ले. ज्या दिवशी तो साफ वाजला, त्या दिवशी मी आईला अंगणातून ओढत आणून ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुकर उतरवाचा राहिला."

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. आवाज. गीतांजलीच्या गिटारच्या नव्या तारांचा आवाज चमकतो असं तिच्याकडे शिकणारे सगळे म्हणायचे, मला माझ्या तारा मेल्यासारख्या वाटायच्या. मी तीन जातीच्या तारा बदलून पाहिल्या. तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवला. छोटा अँप्लिफायर आणला. मोठा आवाज आला, पण तो आतून ब्लँकेट गुंडाळल्यासारखा. दोष सामानाचा, असं मी धरून चाललो होतो.

मग मेट्रोनोम आला. माझी लय पळते म्हणून गीतांजलीने घ्यायला सांगितला. काडेपेटीएवढा असतो, ठेका धरून टुक टुक वाजतो आणि लाल दिवा लागतो. माझ्या मेट्रोनोमचा दिवाच लागायचा. मी तो नरेशकडे परत नेला. त्याने सेल बदलला. पुन्हा नेला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हटलं, "बंद माल विकता आणि वरून अंकल म्हणता." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नवीन काढून दिला. तोही तसाच.

घरात आई म्हणायची, "ते टुकटुक बंद करा, डोकं दुखते." मला वाटायचं, गिटारलाच टुकटुक म्हणते.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी मी तो गीतांजलीसमोर आपटला. "हे पाय बरं, हाही बंद!"

"काका, वाजून राहिला तो."

"फक्त लाईट लागून राहिला."

ती उठली, माझ्या मागे गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. मी दिव्याकडे पाहत बसलो. थोड्या वेळाने समोर येऊन बसली, तर तिचे डोळे भरले होते. "मी तीनदा हाक मारली तुमाले. मागून. तुम्ही माझ्या ओठांकडे पाहून समजता ना?"

मी गिटार पिशवीत भरली आणि उठलो. फार राग आला होता, सोनल. तिने पिशवीचा पट्टा धरून ठेवला. म्हणाली, "माझे बाबाही असेच रागवायचे. आमाले कळाले उशीर झाला. तुम्ही नका करू."

दोन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. मग एका सकाळी आईला सांगितलं, मले ऐकू येत नाही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मालूम आहे. तुम्ही कधी सांगता त्याचीच वाट पाहून राहिली होती."

दुर्गला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. ही परीक्षा मी स्टील प्लांटमध्ये बारा वर्षं पास होत आलो होतो. कशी, ते ऐक. काचेतून तपासणाऱ्याचा खांदा दिसायचा. खांदा हलला की मी बटण दाबायचो. कामावर गोंगाटात कानात घालायचे बोळे दिलेले असत, ते माझ्या खिशात असत. क्रेन जाईल म्हणून केलं, तुझ्या इंजिनीअरिंगसाठी केलं, असं लिहिता आलं असतं. ते खरं नाही. मला लाज वाटायची. तुझे आजोबा शेवटी ठार बहिरे झाले होते. लोक त्यांना बहिरा कवडू म्हणत, भलतंच विचारून भलतं उत्तर काढून घेत आणि हसत. त्या हसणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा अठरा वर्षांचा होतो. मला ते व्हायचं नव्हतं.

दुर्गला मी भिंतीकडे तोंड करून बसलो. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज पोचतो, बारीक पोचत नाही. शब्दाचं धड येतं, कडा येत नाहीत. कोणी हळू बोललं, रडत बोललं, फोनवर बोललं, तर अर्धं वाक्यच गळून जातं.

इथवर लिहून मी दोनदा चहा प्यालो आणि अंगणात चक्कर मारून आलो. आता लिहितोच.

९ नोव्हेंबर २०२२. बुधवार. आई अन्नपूर्णा मावशीच्या ऑपरेशनसाठी वर्ध्याला गेली होती. माझी सुट्टी होती. दुपारी तुझा फोन आला. तुला दिवस गेले आहेत हे मला माहीत नव्हतं. तू आईलाच सांगितलं होतंस, आणि मला का नव्हतं सांगितलं तेही मी समजतो. तुझा आवाज बारीक, रडवेला. मला फक्त "बाबा, बाळ राहिलं" एवढं ऐकू आलं. पुढचं "नाही" आलंच नाही. तू आनंदाने रडते आहेस असं मला वाटलं. मी म्हटलं, "छान झालं बेटा. देवानं फार चांगलं केलं." तू फोन ठेवलास.

त्यानंतर तासभर मी अंगणात येरझारा घालत होतो. तो एक तास मी आजोबा होतो, सोनल. मग वर्ध्याहून आईचा फोन आला. ती ओरडून बोलते, तिचं सगळं कळलं.

मी काय केलं? तुला फोन केला नाही. आईने विचारलं, तुम्ही खरंच असं म्हटलं? मी म्हटलं, गेटवर कोणी आलं होतं, त्याच्याशी बोलत होतो. तुला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. "मला ऐकू आलं नाही" एवढे चार शब्द होते. ते मी दोन वर्षं बोललो नाही. आपला बाप दुष्ट आहे असं तुला वाटलं तरी चालेल, बहिरा आहे असं वाटू नये, इतका मी हलका माणूस निघालो.

आणि दोष सगळा कानांचा नाही. मोहित आपल्यातला नाही म्हणून मी तुमच्या लग्नात तोंड वळवून बसलो होतो. तो पाया पडला तेव्हा मी दुसरीकडे पाहत होतो, आणि ते मुद्दाम पाहत होतो. म्हणून ते वाक्य ऐकल्यावर तुला जे वाटलं, ते वाटायला मीच जागा करून ठेवली होती.

आई म्हणाली, मीच सांगते तिले. मी नको म्हटलं. हे माझ्याच हाताने जायला पाहिजे.

आता दोन्ही कानांत मशीन आहे. फोनचा आवाज सरळ त्यात येतो. एक मागणं आहे, आणि ते मागायचा मला हक्क नाही हेही ठाऊक आहे. कधी जमलं तर मला फोन कर आणि ते पुन्हा एकदा सांग. नाही जमलं तर नको करू. मी रागावणार नाही. वाट मात्र पाहीन.

उत्तराची अपेक्षा न ठेवण्याचा प्रयत्न करणारा,
बाबा


रिसाली, भिलाई
रविवार, ५ जानेवारी २०२५

प्रिय सोनल आणि मोहित,

फोनवर बोलणं झालं तरी पत्र लिहितो आहे. फोनवर मला आभार मानता आले नाहीत.

गेल्या रविवारी सकाळी फोनवर तुझं नाव दिसलं, तेव्हा मी गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. मी फोन उचलला. मला तुझा श्वास ऐकू आला. मग तू म्हणालीस, "बाबा, माझं बाळ राहिलं नाही." सगळे शब्द आले बेटा, एकूण एक आले. मी म्हटलं, "फार वाईट झालं. फार वाईट झालं माझ्या पोरी." तेवढंच सुचलं. एवढं म्हणायला दोन वर्षं उशीर झाला, आणि तू ते ऐकून घेतलंस.

मुलगी होती हे तू मला सांगितलंस. तुम्ही दोघांनी ठरवलेलं नावही सांगितलंस. ते मी इथे लिहीत नाही. ते तुमचं आहे. पण मला माहीत आहे, याचं मला किती बरं वाटतं ते सांगता येत नाही.

मोहित, तुम्ही फोन घेऊन "प्रणाम बाबूजी" म्हणालात. मी पहिल्यांदाच तुमचा आवाज नीट ऐकला. लग्नाच्या दिवसाबद्दल मी बोलायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "वो सब छोड़िए, पहले ये बताइए, एफ कॉर्ड बजता कैसे है?" सोनलने तुम्हाला पत्र वाचून दाखवलं हे मला तेव्हा कळलं. माझी लाज तुम्ही एका प्रश्नात झाकलीत. असं मला जमलं नसतं.

काल सुपेल्याला जाऊन नरेशची माफी मागितली. पुन्हा चार गिऱ्हाइकं होती, मी त्यांच्यासमोरच बोललो. तो म्हणाला, "अंकल, मेरे को पहली बार में ही समझ में आ गया था. बोलने की हिम्मत नहीं हुई." मी म्हटलं, मलाही नव्हती. त्याने चहा मागवला.

गीतांजलीला सगळं सांगितलं. तिने गिटार खाली ठेवली, बराच वेळ माझा हात धरून बसली, आणि मग म्हणाली, "चला काका, आता लय पळाचं कारण नाही." लय अजूनही पळते. साठीनंतरची बोटं आहेत, मी कोणाला ऐकवण्याइतका कधी वाजवीन असं वाटत नाही. पण परवा नव्या तारा लावल्या आणि पहिली तार छेडली, तेव्हा तिच्यातली ती बारीक किणकिण मला ऐकू आली. लोक जिला चमक म्हणतात ती. मी आईला हाक मारली. तिने ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी कुकरचं नाव काढलं नाही.

तुम्ही या म्हणालात. १८ तारखेला आम्ही दोघं दुर्गहून अमरकंटक एक्स्प्रेसने निघतो. आई तिळगुळ आणि चमचाभर जास्तच तिखट घालून केलेला चिवडा आणते आहे. गिटार मी आणत नाही. मोहितना दाखवायची आहे, पण ती पुढे कधीतरी. या वेळी तुम्ही दोघांनी बोलायचं, आणि मी समोर बसायचं. दोन वर्षांचं असेल, त्याआधीचं असेल, कडू असेल तर तेही. काही हळू बोललात तरी चालेल.

तुम्हा दोघांचा,
बाबा